टीव्हीच्या वरची बाई

माझी पोर परवा वडवणीला माझ्या मायच्या घरी मोबाईलवर जुनी कार्टून बघत बसली होती. मांजर उंदरामागं धावतंय, कपबशा फुटतायत, आणि मधेच घरातल्या कामवालीचे पाय येतात. काळेसावळे पाय, सपाता, बाजूला झाडू. कमरेच्या वर पडदाच संपतो. पोर म्हणाली, "मम्मी, हिला तोंड कावून न्हाई?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ वर्षांची असताना हेच मी विचारलं होतं, आणि सोफ्यावरून उत्तर आलं होतं, "गप बस."

तेव्हा माझी माय गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या घरी झाडलोट, भांडी करायची. रविवारी मीही सोबत जायची. त्यांच्या बैठकीत टीव्ही होता. सोफ्यावर त्यांची पोरं, खाली फरशीवर मी. फटाका फुटून मांजराचं तोंड काळं झालं, की पोरं आधी टीव्हीकडं बघून हसायची, मग माझ्याकडं बघून. लई राग यायचा. पण मी काही उठून जायची नाही. मला त्या बाईचं तोंड बघायचं होतं. आज दाखवतील, उद्या दाखवतील. छे! कित्येक रविवार गेले, बाई आपली कमरेच्या वर गायब.

एका रविवारी टीव्ही चालू होता आणि बैठकीत कुणीच नव्हतं. मला वाटलं, पाय इथं आहेत तर बाकीची बाई टीव्हीच्या वरच असणार. पाणी तापवायच्या चुलीतला विझलेला कोळसा आणला, स्टुलावर चढले आणि टीव्हीच्या वर भिंतीवर तिची कंबर काढली, खोचलेला पदर काढला, बुचडा काढला. तोंड कुणाचं काढायचं? मी मायचं काढलं, हनुवटीवरच्या गोंदणासकट.

भिंतीला नुकताच रंग दिलेला. मालकीणबाई आल्या आणि किंचाळल्याच. "अगं ए, ये इकडं! बघ तुझ्या कार्टीनं काय करून ठेवलंय. पूस आधी, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

माय ओलं फडकं घेऊन धावत आली. मागोमाग ती पोरंही आली. मायचं काम माझ्यामुळं जाणार, हे मला कळून चुकलं होतं. आणि नेमके तेव्हाच पडद्यावर ते पाय आले. खाली पाय, वर माय. बाई पहिल्यांदाच पुरी दिसली. पोरं हसली नाहीत.

माय बघत राहिली. मग तिनं फडकं मालकीणबाईंच्या हातात दिलं. "भिंत तुमची हाय वहिनी, तुमी पुसा. माजं तोंड मी न्हाई पुसायची."

काम गेलं. दुसऱ्या दिवसापासून माय रोजानं खुरपायला जाऊ लागली. उन्हानं आणखी काळी पडली, पण मला कधी एका शब्दानं बोलली नाही.

मग मी माझ्या पोरीला गप बस म्हणणार होते काय? मेले तरी नाही! मी मोबाईल घेतला, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून उभा केला आणि तिच्या हातात कोळसा दिला. माय आपणहून समोर येऊन बसली. पदर सारखा केला.

"नाक नीट काढ गं," ती नातीला म्हणाली. "मागच्या येळी तुज्या मम्मीनं बसकं काढलंतं."