मामाजी आणि मागचा ब्रेक

मामाजी मोटरसायकलवर मागे बसले की ब्रेक दाबायचे. मागे बसणाऱ्याला ब्रेक नसतो, पण त्यांचा उजवा पाय हे मानायला तयार नव्हता. समोर म्हैस दिसली, वळण आले, नुसती झाडाची सावली रस्त्यावर हलली, तरी पाय दाबला जायचा. त्यांच्या चपलांतली उजवी नेहमी आधी झिजायची. मामाजी म्हणजे माझे सासरे. नवरा नागपूरला नोकरीला, त्याची जड मोटरसायकल घरी देवरीजवळच्या आमच्या गावात, आणि मी तीच घेऊन शाळेत शिकवायला जात असे. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आज हे प्रेमाने सांगते आहे. तेव्हा मात्र मी त्यांची चेष्टाच करायची.

तरुणपणी ते ट्रक चालवत. कुणा परक्या मिस्त्रीने बसवलेला ब्रेक एकदा घाटात लागला नाही. क्लीनरने उडी मारली, तो वाचला, पण जन्मभर लंगडला. त्या दिवसानंतर मामाजींनी स्टिअरिंग सोडले ते कायमचे. ते धानाच्या शेतीला लागले, आणि घरातल्या गाडीचा ब्रेक दुसऱ्या कुणाला कधी उघडू दिला नाही. "दुसऱ्याच्या हातचं जेवीन, बाई, पन दुसऱ्याच्या हातच्या बिरेकवर बसनार नाई," असे ते म्हणत.

मागच्या ब्रेकचे पॅड झिजले की ते अंगणात गाडी मेन स्टँडवर चढवत, साबणाने दोनदा हात धूत आणि माझ्याकडून सूप मागवून घेत. बोल्ट ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने सुपात मांडायचा. मग पॅड अडकवणारी पिन, मग जुने पॅड. ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण सैल करून ते पॅड दाबणारा पिस्टन अंगठ्याने हळूहळू आत ढकलत. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचे नाही. मी एकदा न राहवून म्हटले, "मामाजी, हात थरथर कापून राहिले तुमचे." ते मान वर न करता म्हणाले, "कापू दे. ज्याचा हात कापत नाई, त्यानं बिरेक खोलू नये." नवे पॅड बसले की पेडल दाबत राहायचे. आधी ते पोकळ जाते, मग घट्ट होते. घट्ट झाल्यावरही कुणाला बसू न देता ते स्वतः गाडी ढकलत अंगणात दोन फेऱ्या मारत. हळूहळू गावातली माणसेही आपल्या गाड्या घेऊन त्यांच्याकडे येऊ लागली. सगळ्या बाबतीत हसण्यावारी नेलेल्या या माणसाला त्या एका गोष्टीचा अभिमान होता.

एका वर्षी आम्ही बैलजोडी विकली. नांगरणी ट्रॅक्टरने होत होती, ते ठीकच होते. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी कुणाची करायची? आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. सासूबाई वाटी घेऊन बैलांच्या रिकाम्या कोठ्यात थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग अंगणात मोटरसायकलपाशी आल्या.

"आता हेच तं घर वढते. याचा खांदा कोनता, बाई?"

मला हसू आले. मी मागच्या चाकाकडे बोट दाखवले. "सगळा जोर इथेच असतो, आई."

चाकातली चकचकीत गोल डिस्क त्यांच्या नजरेत भरली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी तूप-हळदीने मायेने चोळली आणि हात जोडून म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मामाजींनी त्याच दुपारी नवे पॅड घातले होते आणि ते गावात गेले होते. ब्रेकचे पॅड त्याच डिस्कला दोन्हीकडून धरतात, हे मी समोर बसून कितीदा पाहिले होते. तरी मी हसत उभी राहिले.

सकाळी पुरणाला गूळ कमी पडला म्हणून मी आणि मामाजी देवरीला निघालो. नाल्याचा उतार लागला. रस्ता ओला होता. खाली पुलावर धुऊन आणलेले बैल आणि त्यांच्यासोबतची माणसे आडवी चालली होती. मी मागचा ब्रेक दाबला. पेडल घट्ट होते, पण गाडी थांबेना. पुन्हा दाबला. काही नाही. ओल्या उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी घसरते, ही भीती मामाजींनीच माझ्यात भरलेली. मी गिअर उतरवला.

"बाई, बिरेक मार! बिरेक!"

"लागत नाही, मामाजी!"

एरवी म्हशीला बघून ओरडणारा माणूस गप्प झाला, आणि मला वाटले, आता आपण मरणार. त्यांनी दोन्ही पाय रस्त्यावर टेकवले, मी हँडल डावीकडे वळवले आणि आम्ही गाडीसकट रस्त्याकडेच्या, पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत कोसळलो. चिखल होता म्हणून वाचलो. माझे कोपर सोलले, मामाजींच्या घोट्याची कातडी निघाली.

घरी येताच त्यांनी लंगडत लंगडत चाक उघडले. हळद चिखलाने धुऊन नेली होती, पण पॅड ओशट होते. ते बराच वेळ बोटाने चाचपत बसले. "चेनचं तेल लागलं असन माया हाताले," ते म्हणाले. "माया हातानं झालं."

मी शेजारीच उभी होते. ते चेनचे तेल नव्हे, खांदशेकणीचे तूप आहे, हे मला कळले होते, आणि मी बोलले नाही. सासूबाईंवर येईल, माझ्यावर येईल, माझे हसणेही उघडे पडेल, या भीतीने माझी जीभ उचलेना. त्यांनी पान्यांची पिशवी गुंडाळून माळ्यावर टाकली. शेजारचा गाडी घेऊन आला तर त्याला म्हणाले, "नाई रे बापू. हात गेला माहा." जेवताना ते स्वतःचे तळहात उलटेपालटे करून बघत.

चौथ्या दिवशी सासूबाई शेतावर गेल्यावर मी सगळे सांगून टाकले, बोट दाखवल्यासकट. अंग चोरून उभी होते.

"मंग माया हातानं नाई झालं?"

"नाही, मामाजी."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डोळे मिटले. मग ते हसले, लहान मुलासारखे. मी म्हटले, "आईंना सांगते. शेजाऱ्यांनाही सांगते." तशी त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.

"बुढीले सांगू नको. बैल गेले तवापासून तिले झोप नाई. तिच्या हातानं आपन दोघं मरत होतो हे समजलं, तं बुढी तुपाच्या वाटीलेही भेईन. एका घरात एक भेदरट पुरे हाय."

त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही. धरला असता तर गेलेला हात परत कसा आला, हे सांगावे लागले असते. पुढचे पॅड मी बदलले. ते बाजेवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आणि "अजून दाब, अजून" म्हणत राहिले. हात बाहेर काढायचा मोह त्यांना किती होत होता, ते मला दिसत होते. माझ्याच हाताने बसवलेल्या ब्रेकवर त्या उतारावरून जाताना पहिले कित्येक दिवस मला दरदरून घाम फुटायचा. अजूनही फुटतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुपाची वाटी आता मी घेते आणि फक्त हँडलला बोट लावते.

मामाजी मागच्या उन्हाळ्यात गेले. भेटायला आलेल्या बायकांपुढे सासूबाई डोळे पुसत सांगत होत्या, "सोन्यासारखा हात होता त्यायचा. शेवटी शेवटी गेला. सुनेले पाडलं त्यायनं, मरता मरता वाचली, पन ते पोर एका शब्दानं बोललं नाई त्यायले." बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. "खरं ना, बाई?" सासूबाईंनी विचारले.

मी मान खाली घालून हो म्हटले.