अण्णा घरी आहेत

"अक्का, आता डोळे उघडू का?"

एका मिनिटात तिसऱ्यांदा हाच प्रश्न. मी म्हटलं, "थोडं थांबा. फक्त श्वासाकडे लक्ष द्या."

"तिकडंच द्यायलोय की! म्हणून तर तो अडकायलाय."

आणि गजाननराव उठून चपला शोधायला लागले.

मी समुपदेशक आहे. गोकुळ रोडवर एका वर्कशॉपच्या वर माझी खोली आहे. खाली दिवसभर लेथ चालतो, त्यामुळे शांतता वगैरे आमच्याकडे नाहीच. गजाननराव (नाव बदललंय, बाकी त्यांना विचारून लिहितेय) दुर्गदबैल बाजारातले कापडवाले. दुकानात बसल्या बसल्या त्यांची छाती आवळायची, घाम फुटायचा, आता आपण मरणार असं वाटायचं. दोनदा रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. ईसीजी नॉर्मल, बाकीच्या टेस्ट नॉर्मल. डॉक्टरांनी 'पॅनिक अटॅक' लिहून माझ्याकडे पाठवलं. म्हणजे घरात आग नाही, पण शरीराची धोक्याची घंटा वाजतेय.

शरीरात काय चाललंय ते नुसतं पाहायला शिकलं की घंटा हळूहळू थांबते, हा आमचा नेहमीचा उपाय. पण काही माणसांना डोळे मिटले की छातीतली धडधड जास्तच ऐकू येते. हे मला माहीत होतं. तरी तीन आठवडे मी तेच करत राहिले. चूक माझी.

दारात त्यांची बायको शारदाबाई उभ्या होत्या. गजाननराव त्यांना म्हणाले, "पाडव्याला दुकानाला कुलूप घालायचं. ठरलं." आणि जिना उतरले.

शारदाबाई मागे थांबल्या. "अक्का, चाळीस वर्षं हा माणूस त्या गादीवर बसलाय. दुकान गेलं तर हे घरात नुसते भिंतीकडं बघत बसतील. काहीतरी करा."

पाडव्याला पंधरा दिवस होते.

दोन दिवसांनी मी गजाननरावांना फोन केला. पुढच्या सेशनबद्दल ते काही बोलेनात. पण मूळचे दुकानदार! "खण बघायला या की," म्हणाले. मी गेले.

दुकान अरुंद, खोल. वर चढायला दगडी पायरी, आत पांढरी गादी. गजाननराव एका बाजूला बसलेले. दुसऱ्या बाजूचा लोड तसाच सरळ, त्याला कुणी टेकलेलं नाही. ती जागा अण्णांची, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची. अण्णा नऊ महिन्यांपूर्वी गेले होते. पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा "वय झालं होतं" एवढंच बोलून त्यांनी विषय बदलला होता, आणि मीही फाइलमध्ये लिहून पुढे गेले होते.

मला खण दाखवताना त्यांचा चेहरा उजळला. कापड चिमटीत धरून ते सूत सांगत होते. श्वास अगदी छान चालला होता. तेवढ्यात एक म्हातारी गिऱ्हाईक पायरी चढून आली. खेड्यातली, वर्षा-दोन वर्षांनी येणारी. तिनं रिकाम्या लोडाकडे बघून कानडीत विचारलं, "अण्णार एल्ली अदार्री?" अण्णा कुठं आहेत?

"मन्याग अदार्री," गजाननराव हसून म्हणाले. घरी आहेत.

म्हातारी खूश होऊन कापड बघायला लागली. गजाननरावांचा हात छातीवर गेला.

ती गेल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

"गादीवर बसून अशुभ बोलायचं नसतं, अक्का. वडिलांचा नियम. अण्णांनीपण पाळला."

"आणखी कुणाकुणाला असं सांगितलंत?"

"विचारलं त्या सगळ्यांना."

"आणि छाती कधी आवळते?"

त्यांनी समोरच्या खणाची घडी घातली. मग म्हणाले, "विचारलं की." त्यांचे डोळे भरून आले. "दिवसभर चौघांना सांगतो, अण्णा घरी आहेत. संध्याकाळी घरी जातो, तर नसतात की हो."

मी त्यांना डोळे पुसू दिले.

नियम मोडा असं मी सांगितलं नाही. वडिलांचा आणि अण्णांचा नियम मी कोण मोडायला सांगणार? मी एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर छातीत काय होतंय ते आधी बघा. मग काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

चार दिवसांनी शारदाबाईंचा फोन आला. आवाज रडवेला, पण खुशीतला. एका जुन्या गिऱ्हाईक बाईनं अण्णांची चौकशी केली. गजाननराव गादीवरून उठले, चपला घातल्या, खाली उतरून पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णार तीरकोंड्रु, अव्वा." अण्णा गेले. मग ती बाई आणि ते, दोघंही भर बाजारात रडले. हातगाडीवाले थांबून बघत होते.

"गादीवर बोलायचं नाही. पायरीवर चालतं की," असं मागाहून त्यांनीच बायकोला समजावलं. नियमाला धक्का नाही!

पुढे जो विचारेल त्याच्यासाठी ते पायरी उतरू लागले. छाती अजून कधीमधी आवळते, पण हॉस्पिटलची वारी संपली. पाडव्याला दुकानात पूजा झाली. अण्णांच्या लोडाला टेकून गजाननराव बसले होते. मला पेढा दिला आणि दोन खण जास्तीचे गळ्यात मारले.

निघताना मी विचारलं, "श्वासाचा सराव करता ना?"

"रोज करतो की, अक्का!"

अगदी तोच हसरा आवाज, ज्यात अण्णा नऊ महिने घरी होते. गादीवर बसलेल्या माणसाला सराव विचारायचा नसतो, एवढं मी शिकले. आता विचारायचं झालं तर आधी त्यांना पायरीवर बोलावते.