परागंदापुढची कोरी जागा

जैनथचे भगवानराव उर्दू शिकले ते एका शब्दासाठी. ब्याऐंशी वर्षांचा हा माणूस शेरोशायरीच्या वाटेला कधी गेला नाही. आदिलाबादच्या कचेरीसमोर चाळीस वर्षं बसून लोकांना निजामाच्या काळातले जमिनीचे कागद वाचून दाखवायचे, यावरच त्यांचं पोट चाललं. पण पहिला कागद त्यांनी वाचला तो स्वतःच्या बापाचा. मारोतरावांच्या नावापुढं लिहिलं होतं, परागंदा.

शब्द काही नवा नव्हता. लहानपणी भांडणात पोरं त्यांना 'परागंद्याचा' म्हणत आणि मग डोकी फुटत. अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत मारोतराव बायकापोरं घेऊन पैनगंगेपलीकडं गेले होते. आज लोक ऑटोत बसून जी नदी ओलांडतात, ती तेव्हा निजामाच्या राज्याची हद्द होती. वर्षभरानं घर परतलं, पण 'पळाले' म्हणायचं ते गावानं म्हटलंच.

उर्दू शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मुन्शींनी मात्र चष्मा पुसत वेगळंच सांगितलं. शब्द मूळचा फारसी. परागंदा म्हणजे विखुरलेला. पोतं फाटून ज्वारी सांडते ना, तसा. पळपुटेपणाचा डाग त्याला मराठीत आल्यावर लागला.

ऐकून भगवानरावांना हायसं वाटायला हवं होतं. ते ढसाढसा रडले. गाव सोडलं त्या दिवशी घरच्या दोन बैलगाड्या निघाल्या होत्या. एकीत आईच्या मांडीवर ते, दुसरीत आत्याजवळ सात वर्षांची बहीण, बयना. दुसरी गाडी नदीच्या वेगळ्याच उतारावर गेली आणि पुन्हा कुणालाच दिसली नाही. कारकुनानं नकळत अगदी खरं लिहिलं होतं. फक्त कुठं गेले, ते लिहायची जागा कोरी होती.

परवा त्यांची नात उत्कर्षा नर्सच्या नोकरीवर जर्मनीला निघाली. घरात आठ दिवस चिवड्या-लाडवांची धांदल, आणि म्हातारा तोंड शिवून बसलेला. बॅगा ऑटोत चढल्या. आजोबांच्या आशीर्वादाशिवाय उंबरा ओलांडणारी पोरगी ती नव्हे.

"आबा, तुमी काऊन बोलून नाई राह्यले? जाऊ नोको का मी?"

भगवानरावांनी खिशातून वही काढली. "कुटं राह्यशील ते सांग."

"लाइपझिगले. सांगतलं ना तुमाले."

"गाव नाई. घर सांग. गल्ली, नंबर, मजला, सारं."

पोरीनं मोबाइलमधून एकेक अक्षर वाचलं. ते लांबलचक नाव त्यांना लिहिता येईना. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा जमलं. ऑटोवाला हॉर्न वाजवून थकला.

मग त्यांनी वही तिच्यापुढं धरली. पहिल्या ओळीत होतं, 'बयना, वय सात', आणि पुढं काही नाही. त्याखाली 'उत्कर्षा', आणि पुढं दोन ओळी भरून पत्ता, शेवटी 'दुसरा मजला'.

उत्कर्षाला रडू आवरेना. ती पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला मधेच धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"आता जाय," ते म्हणाले. "घर बदललं का त्याच दिवशी फोन कर. मी हे खोडून नवं लिवीन."