नूतनचं कोपर आणि छप्पन पाउंड

डेमो रॅकेटची जुनी स्ट्रिंग कापायला मी कात्री हातात घेतली आणि रॅकेटच्या दांड्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. 'सॉफ्ट, अठ्ठेचाळीस.' अक्षर माझंच. मग टेबलावर पडलेलं नूतनचं कार्ड बघितलं. 'पॉली, छप्पन.' तेही अक्षर माझंच. सव्वानऊ वाजले होते. दहा वाजता नूतन अंधेरीच्या एका क्लबमध्ये कोर्टवर उतरणार होती, काल संध्याकाळी मी तयार करून दिलेली नवीकोरी रॅकेट घेऊन.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. बावीस वर्षं मी गटिंग करतोय. गटिंग म्हणजे रॅकेटच्या फ्रेममध्ये स्ट्रिंग ओवून, मशीनवर ताणून जाळी बांधायची. ताण पाउंडात मोजतात. आकडा जास्त तर जाळी कडक, आकडा कमी तर मऊ आणि हाताला आराम. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

नूतन मढची, कोळ्यांच्या घरातली. आई मासळी विकते. ही अडतीस वर्षांची, तीन सोसायट्यांमध्ये तासावर टेनिस शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिचं उजवं कोपर गेलं होतं. सहा महिने त्या हाताने तिला चहाचा कप धरवत नव्हता. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, परत असं झालं तर कोचिंग विसरायचं. "दादा, टोपल्या उचलून उचलून आईचे खांदे गेले," ती मला म्हणायची, "माझं कोपर तेवढं सांभाळ बाबा."

आधी ती मागे राहून खेळायची. पळ पळ पळायची, प्रत्येक बॉल फिरवून परत टाकायची. आता गुडघे कुरकुरायला लागले, तशी नेटवर पुढे येऊन दोन फटक्यांत पॉइंट संपवायला शिकली. तिची जुनी रॅकेट हलकी होती. नेटवर जोरात बॉल आला की हातात लटपटायची. म्हणून थोडी जड, छोट्या तोंडाची, कडक फ्रेमची रॅकेट मीच सुचवली. गिऱ्हाइकाला खेळून बघायला एक रॅकेट दुकानात ठेवतो, तिला डेमो म्हणतात. ती डेमो नूतनने चार दिवस नेली आणि नाचतच परत आली.

"झकास आहे यार! अशीच नवी दे. क्लबमध्ये फुलटाइम कोचची जागा निघालीय ना, त्या ट्रायलला तीच नेणार."

"गटिंग?"

"नेहमीचंच."

इथे आमच्या धंद्यातली वाईट खोड सांगतो. जुनं गिऱ्हाईक 'नेहमीचं' म्हणालं की आम्ही कार्ड बघतो आणि मशीन चालू करतो. डोकं लावत नाही. नूतनचं कार्ड तिच्या जुन्या रॅकेटचं होतं. ती फ्रेम मऊ. पॉली म्हणजे टणक स्ट्रिंग, ती छप्पनवर ताणली तरी धक्का फ्रेमच गिळायची. नवी फ्रेम कडक, तिची जाळी दाट. तिच्यावर तीच स्ट्रिंग आणि तोच आकडा म्हणजे हातात पोळपाटच. आणि जी डेमो तिला आवडली, ती मऊ स्ट्रिंगची, वर कित्येक महिने लटकून सैल पडलेली. म्हणजे तिने पसंत केली एक आणि मी दिली दुसरीच. आता प्रत्येक फटक्याचा हिसका थेट कोपरात जाणार होता.

फोन लावला. बंद. परत लावला, बंद. क्लबमध्ये खेळताना फोन लॉकरमध्ये ठेवायला लावतात. नवीन गटिंग करायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ नव्हता. डेमो तशीच काखेत मारली, शटर ओढलं आणि रिक्षा पकडली. मालाडला लिंक रोड असा तुंबला होता की रिक्षा दहा मिनिटं हललीच नाही. डोळ्यांसमोर एकच, ती आणि तो चहाचा कप.

पोचलो तेव्हा स्कोर होता तीन-दोन, नूतन पुढे. समोर क्लबचाच एक तरणाबांड मेंबर. बाजूला खुर्च्यांवर कमिटीचे पाच जण. नूतन पॉइंट जिंकत होती आणि प्रत्येक पॉइंटनंतर रॅकेट डाव्या हातात घेऊन उजवा हात झटकत होती.

तेव्हा मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडलो. खुर्च्यांवरच्या पाचांपैकी तिघांच्या रॅकेट माझ्याकडे येतात. त्यांच्यासमोर काय सांगू, की माझं चुकलं? दोन गेम मी कोर्टाच्या कुंपणाला धरून नुसता उभा राहिलो. लाज वाटते सांगायला, पण त्या वेळी मला तिच्या कोपराइतकीच माझ्या गाळ्याचीही भीती वाटत होती.

मग तिने एक जोरदार व्हॉली मारली, बॉल जमिनीवर पडायच्या आत. पॉइंट मिळाला. आणि ती कोपर पोटाशी धरून खाली वाकली.

मी थेट कोर्टात घुसलो.

"ओ, ओ! मॅच चालू आहे," सेक्रेटरी उठले.

"साहेब, दोन मिनिटं. तिच्या रॅकेटचं गटिंग चुकलंय. मी चुकवलंय. त्या रॅकेटने ती खेळली तर हात जाईल तिचा."

"तुम्ही चुकवलंय?"

"हो. मीच."

नूतन माझ्याकडे बघतच राहिली. "दादा, तू इथे काय करतोयस?"

"ती खाली ठेव. आधी खाली ठेव. ही घे, डेमो."

"अरे, पुढे आहे मी! चार-तीन! आता बदलू?"

"नूतन, ऐक माझं. हात जोडतो."

तिने एकदा स्कोरबोर्डकडे बघितलं, एकदा कोपराकडे. मग नवी रॅकेट बाकावर ठेवली आणि डेमो घेतली. सैल जाळीची ती रॅकेट, दुखऱ्या हातात. बॉल लाइनच्या बाहेर जायला लागले. सेट सहा-चारने हरली. शेवटचा पॉइंट गेला तेव्हा मी खाली मान घालून उभा होतो. तिची नोकरी मी घालवली, असंच मला वाटलं.

त्यानंतर ट्रायलचा दुसरा भाग होता, क्लबच्या मुलांना अर्धा तास शिकवायचं. ते तिने डाव्या हाताने बॉल टाकत केलं. मुलं खूश. चार दिवसांनी निकाल आला, जागा तिला मिळाली. सेक्रेटरी साहेब तिला म्हणाले, "सेट जिंकणारे आमच्याकडे खूप आहेत. आम्हाला वर्षभर रोज येणारा कोच पाहिजे. पुढे असताना हात सांभाळलात, तिथेच आमचं ठरलं." मला मात्र ते काही बोलले नाहीत. त्यांची रॅकेट नंतर दोन महिने माझ्याकडे आली नाही.

कोपराला सूज होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादा सेट झाला असता तर सांगता आलं नसतं. पंधरा दिवस आराम सांगितला. सोळाव्या दिवशी नूतन गाळ्यात आली. मी तिची रॅकेट मऊ स्ट्रिंगने, सेहेचाळीसवर करून ठेवली होती. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता.

"शिव्या घाल," मी म्हटलं, "मोकळी हो."

"कशाला? आलास ना धावत."

"दुखायला कधी लागलं होतं?"

"दुसऱ्याच गेमला."

"दुसऱ्या गेमला? मग थांबली का नाहीस? जुनी रॅकेट होती ना बॅगेत?"

"होती की," ती म्हणाली. "पण मला वाटलं, दादाने केलंय म्हणजे बरोबरच असणार. माझाच हात चुकत असेल."

मशीन बंद करून मी खाली बसलो. बावीस वर्षांत एवढं कौतुक माझं कोणी केलं नव्हतं आणि एवढा घाबरलोही कधी नव्हतो. आता जुनं गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याचा हात हातात घेऊन कोपर दाबून बघतो. काही जण चिडतात. चिडू देत.