कोमलला वाचता येतं, असं मी लिहिलं

परवा भाचीला होस्टेलवर सोडायला लातूरला गेले होते. डॉक्टर व्हायचंय म्हणे बाईसाहेबांना... आता आमच्या नांदेडात काय क्लासेसची वानवा आहे का? गल्लोगल्ली बोर्ड लागलेत. पण भावाचं एकच, लातूर म्हणजे लातूर. मग काय, गादी, बादली, पुस्तकांची खोकी घेऊन आम्ही निघालो.

होस्टेलच्या खालीच मेस आहे. दुपारचे डबे भरणं चालू होतं. प्रत्येक डब्यावर मुलीच्या नावाची पट्टी चिकटवलेली, आणि तरीही एक तरुण बाई डब्यांच्या कड्यांना रंगीत दोरे बांधून राहिली होती... लाल, हिरवा, एक गाठ, दोन गाठी.

मी सहज विचारलं, अगं नावं आहेत की, दोरे कशाला? ती हसली. "नावं मालकिणीसाठी हायत, मला दोराच बरा." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्या शाळेत येत होत्या ना? मी कोमल."

मला चेहरा आठवेना. तिचं रडणं मात्र लगेच आठवलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी मुलींच्या शिक्षणाच्या एका कार्यक्रमात काम करत होते. किल्लारीजवळच्या एका गावातली शाळा माझ्याकडे होती. पद्धत साधी... एकेका मुलीला समोर बसवायचं, वाचायला द्यायचं आणि तक्त्यात खूण करायची. अक्षर वाचते, शब्द वाचते, उतारा वाचते, गोष्ट वाचते. ज्यांना उतारा जमत नाही त्यांचा रोज दोन तास वेगळा वर्ग. इयत्ता कोणतीही असो, एका पायरीवरच्या सगळ्या एकत्र बसायच्या.

कोमल तेव्हा सहावीत होती आणि अक्षरांवरच अडकलेली. म्हणजे ती बसणार दुसरी-तिसरीतल्या पोरींबरोबर, आणि त्यात तिची सख्खी धाकटी बहीण. हे कळलं आणि ती जी रडायला लागली... "मॅडम, नका ना बसवू तिथं. समद्या हसत्यात."

मला काही बघवेना. मी 'गोष्ट वाचते' वर खूण करून टाकली. एका खुणेचा तर प्रश्न होता... आणि वर स्वतःवर खूषही झाले, काय सांगू.

संध्याकाळी शाळेच्या गेटवर तिच्या आईनं मला गाठलं. पोरीनं घरी आनंदानं सांगितलं असणार. आई म्हणाली, "मॅडम, तिला येत न्हाई असंच लिवा. बरं हाय म्हनून लिवलं की मागून कुनी फिरकत न्हाई."

मग तिनं स्वतःच्या माहेरचं सांगितलं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ही बाई स्वतः लहान होती. पाहणीला साहेब आले, तर तिच्या वडिलांनी भिडेपोटी सांगितलं, थोडी चीर गेलीय, बाकी घर ठीक आहे. साहेबांनी तसंच लिहून नेलं... आणि मदतीच्या यादीतून नाव गेलं ते गेलंच. तडकलेल्या भिंतीला लाकडाचा टेकू देऊन त्या लोकांनी पुढची कितीतरी वर्षं काढली.

आणि मी काय केलं? हसले. या गावाला सवयच लागलीय, जो येईल त्याच्यासमोर रडगाणं गायचं, असं मनात म्हटलं. मग एम.ए. झालेल्या मी त्या बाईला समजावून सांगितलं की मुलीचा आत्मविश्वास फार महत्त्वाचा असतो. लिहिताना सुद्धा लाज वाटते आज.

वर्ग चांगला चालला. खरंच चांगला चालला, त्यावर मी आजही कुणाशीही भांडेन. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, पण ती वर्गात बसलेल्या मुलींची. कोमलकडे कोण कशाला जाईल? तिला तर येत होतं ना... तक्त्यात.

पुढचं तिनंच सांगितलं, पोळ्या रचता रचता. आठवीपर्यंत ढकलत ढकलत गेली, नववीत नापास झाली, शाळा सुटली. लग्न झालं, नवरा इथंच लातुरात ऑटो चालवतो. तक्रारीचा सूर नाही की काही नाही... धाकटीचं मात्र कौतुकानं सांगितलं. नर्सिंगला आहे, इंग्रजी पुस्तकं वाचते म्हणे. "ती बसली न्हवं का तुमच्या वर्गात."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. आणि ही पोरगी हातातलं काम टाकून माझ्यासाठी खुर्ची पुसून राहिली, पाणी आणून देऊन राहिली.

कसंबसं म्हटलं, कोमल, तेव्हा माझं चुकलं गं. तुला त्या वर्गात बसवायला पाहिजे होतं मी.

तिला कळेचना मी काय बोलतेय. "चुकलं कसं? शाळेत समद्यांनी मला ढ म्हनलं, मॅडम. तुम्ही एकल्यांनीच हुशार म्हनून लिवलं. मी अजून सांगते मान्सांना."

मी मान हलवली आणि भाचीची गादी उचलून जिना चढायला लागले. इतकी वर्षं ही मुलगी मला दुवा देतेय, आणि त्या खुणेनं तिचं नेमकं काय गेलं हे तिला बसवून सांगायची माझी हिंमत परवाही झाली नाही.