फटफटीला काय सोनं लागलंय?

गेल्या आठवड्यात औंधच्या अलीकडे एका गावात मुक्काम होता. तिथून तासगावची सभा गाठली ती फटफटीवर बसून... होय, मीच.

माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत. यंत्र परदेशचं, तेल परदेशचं आणि आपल्या वाट्याला फक्त धूर, हे मी गावोगाव ठणकावून सांगत आले आहे. कामासाठी धावणारं यंत्र एक वेळ समजतं. पण नुसतं धावायचं म्हणून धावणारं? त्यात माणसाला काय मिळतं, हे मात्र मला कधीच उमगलं नव्हतं.

मुक्काम आनसाबाईंच्या घरी होता. त्यांचा लेक दौलत लढाईत निरोप पोचवणारा मोटारसायकलस्वार होता, इटलीपर्यंत जाऊन आलेला. परत आल्यावर त्यानं लष्कराच्या लिलावातली एक जुनी गाडी घेतली. शेतातलं काम आटोपलं की रोज तिन्हीसांजेच्या आधी फटफट करत कुठेतरी जातो आणि रिकाम्या हातानं परत येतो...

ते आनसाबाईंना सोसत नव्हतं. लढाईच्या सगळ्या वर्षांत त्यांनी दाराकडे बघत दिवस काढलेले. आता गाडीचा आवाज लांब गेला की त्या पुन्हा दारात येऊन उभ्या राहतात.

"बाई, तुमी सभेत मानसांची दारू सोडवता. ह्याची फटफटी तेवढी सोडवा," त्या म्हणाल्या. "तिला काय सोनं लागलंय, इचारा एकदा. मला तर काय सांगत न्हाई."

सांगलीचा एक कंत्राटदार दुसऱ्या दिवशी गाडी बघायला येणार होता. दौलत आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हे. तिनं "दे" म्हटलं की गाडी गेली, हे त्यालाही कळत होतं. जेवताना तो ताटातून वर बघत नव्हता.

मी आधी पारावर चौकशी केली. एक म्हणाला, रुबाब. न्हावी म्हणाला, "पोरी बघत्यात, दुसरं काय." एक जुने सुभेदार हसून म्हणाले, "बसल्याबिगर कळायचं न्हाई, आणि बसल्यावर सांगता यायचं न्हाई." मला असली उत्तरं पटत नाहीत... सांगता येत नाही असं काही असतं, यावर माझा विश्वासच नव्हता.

त्याच दुपारी मला तासगावला नेणारी, कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार घाटात बंद पडली, आणि माझी सभा चुकू नये म्हणून दौलतनं गाडी काढली. माझ्या नऊवारीचा काष्टा पक्का होता. दोन्हीकडे पाय टाकून बसले. पार सगळा उठून उभा राहिला.

मनात म्हटलं, बरं झालं. आता हा माझ्या तावडीतून सुटत नाही. ओढा ओलांडला आणि मी भाषणाला सुरुवात केली.

"काय म्हनलासा?" तो ओरडला. मी पुन्हा म्हणाले. पुन्हा "काय म्हनलासा?" तिसऱ्या खेपेला तोंडात इतका फुफाटा गेला की गप्प बसले... मोठमोठ्या सभा उधळायला आलेल्यांना जे जमलं नाही, ते त्या रस्त्यानं केलं.

वळणावर मी ताठ बसले होते. "ताई, ताठ बसू नगा. माझ्यासंगं कला," तो म्हणाला. मी आयुष्यात कुणासंगं कललेली बाई नाही. पण इथे पर्याय नव्हता... आणि एकदा कलले, तशी वळणाची भीती गेली.

मग एकेक जाणवायला लागलं. येरळेच्या काठी हवा एकदम गार झाली. पुढे गुऱ्हाळाचा गोड वास आला आणि तसाच मागे गेला. याच रस्त्यानं मी कितीदा गेले असेन, पण दर वेळी डोक्यात पुढची सभा.

विट्याच्या पुढे इंजिन गार व्हायला थांबलो, तेव्हा त्याला सरळच विचारलं, यात तुला काय मिळतं रे?

तो टाकीवरची धूळ पुसायला लागला. "लढाईत रोज चालवली, ताई. पर खिशात कायम कुनाचा तरी कागद असायचा. पोचला न्हाई तर तिकडं मानसं मरायची. एकदा उशीर झाला..." त्यानं टाकीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाला, "आता खिशात काय नसतं. मोकळा जातो, मोकळा येतो. लय बरं वाटतं."

आईला का सांगत नाहीस, म्हटलं. "लढाईचं नाव काडलं की रडती ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. "सुटली का?" आनसाबाईंनी दारातच विचारलं. त्याचं बोलणं माझ्या तोंडून सांगणं मला बरं वाटेना. म्हटलं, आनसाबाई, एकदा बसून या. मग खुशाल विका.

"ह्या वयात? हाडं गोळा करून आनशीला," त्या म्हणाल्या. पण औंधच्या यमाईच्या दर्शनाला जायचं म्हटल्यावर नाही म्हणता येईना. पदर खोचून बसल्या, दोन्ही हातांनी लेकाचे खांदे धरले. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

दोघं परतली तेव्हा कंत्राटदार सोप्यात चहा पीत होता. आनसाबाई उतरल्या. डोळे लाल... वाऱ्यानं की कशानं, मी विचारलं नाही. त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं, "पाव्हनं, चहा घ्या. गाडी द्यायची न्हाई."

तो गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "सांगितलं बाई त्यानं सगळं. माझं त्वांड दिसत न्हवतं न्हवं, म्हनून सांगता आलं त्याला."

परदेशी तेलाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही आणि ते मी पुढच्या सभेतही मांडणार. पण समोर उभं राहून बोलण्यातच माझी हयात चालली आहे... पाठीमागे बसून ऐकायला त्या मायलेकांनी मला शिकवलं. त्यांची मी ऋणी आहे.