वळूच्या कुंपणाचा कोपऱ्यातला खांब

चाकूचं पातं मुठीपर्यंत आत गेलं. जोर लावावाच लागला नाही. बाहेर काढलं तर पात्याला ओला भुसा चिकटलेला. खांब वळूच्या कुंपणाचा होता, कोपऱ्यातला. आणि आतल्या बाजूने वळू त्याच खांबाला मान घासत होता.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. आचऱ्याच्या अलीकडच्या एका गावात गुरांच्या सरकारी दवाखान्यात मी स्टॉकमन होतो. म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली औषध पाजणं, मलमपट्टी करणं, रजिस्टर लिहिणं. गावच्या गाईंसाठी घाटावरून एक खिलार वळू आला होता. उंच, पांढरा, तापट. त्याला सांभाळणारा भिकाजी सोडला तर कुणाला जवळ येऊ देत नसे. कुंपणाला लागूनच पाणंद होती आणि शाळा सुटली की मुलं तिथूनच घरी जात.

मी डॉक्टरांकडे गेलो.

"इन्डेन्ट पाठवू," ते म्हणाले. इन्डेन्ट म्हणजे सामानाची लेखी मागणी. "सँक्शन येईपर्यंत दोरीने बांधून ठेवा."

"सर, वळू खांबाला बांधतात. खांब कशाला बांधायचा?"

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "उद्या मी मालवणला मीटिंगला आहे. मला काही माहीत नाही."

एवढी परवानगी मला पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पास्कू मेस्त आला. गावातला जुना सुतार. खांद्यावर खैराचा खांब. त्याने कुजक्या खांबाभोवतीची माती बोटाने उकरली.

"साहेबानु, वर डांबर, खाली पीठ. आधी नवो उभो करुया, मगे जुनो काढुया."

कोपऱ्याच्या खांबात दोन्ही बाजूंचे आडवे वासे खाचेत बसवलेले असतात. तो काढला की कुंपण दोन्हीकडून उघडं पडतं. म्हणून त्याने शेजारी नवा खड्डा घेतला. दीड हातावर पहार खणकन वाजली.

"कातळ," पास्कू म्हणाला. "आता जुन्याच खड्ड्यात घालूक व्हयो."

म्हणजे कुंपण काही वेळ उघडं राहणार होतं. शाळा साडेअकराला सुटायची. नऊ वाजून गेले होते. भिकाजीने वळूला आतल्या माडाला दोन दाव्यांनी बांधलं. आम्ही वासे सोडवले आणि जुना खांब ओढला. तो जमिनीलगत मोडून हातात आला. खालचं बूड खड्ड्यातच रुतून बसलं. ते तासून तासून काढण्यात तासभर गेला. घाम डोळ्यांत जात होता आणि माझं लक्ष सारखं पाणंदीकडे.

पाणंदीने मुलं आली नाहीत. दूरच्या वाडीतली सुंदरामावशी आली, गाय घेऊन. गाय माजावर होती.

मी पहार खाली टाकली. आदल्या दिवशी सकाळी मीच गाय फळवण्यासाठी रजिस्टरमध्ये मावशीचं नाव लिहून तिला बोलावलं होतं. खांबाच्या नादात साफ विसरलो होतो.

"मावशी, मागे फिर! गाय घेऊन जा!"

"तुमीच बोलवलात मा? सकाळपासून चलत इलंय मी!"

गाय हंबरली. वळूने मान वर केली. मग सगळं अंग झोकून त्याने हिसका दिला. माडाच्या झावळ्या हलल्या. एक दावं तुटलं. भिकाजी दुसऱ्याला लोंबकळला, फरफटला.

"साहेबानु, ऱ्हवना नाय!" तो ओरडला, आणि दुसरंही तुटलं.

पास्कूने नवा खांब खड्ड्यात सोडला आणि त्याला खांदा लावून तिथेच उभा राहिला. "माती घाला! माती!"

मी हातांनी माती लोटत होतो. पळ म्हणून त्याला सांगायला हवं होतं. ते न सांगता मी माती लोटतच राहिलो. वळू मान खाली घालून सरळ आमच्यावर येत होता.

तेवढ्यात वीस पावलांवर फाटकाची कडी वाजली. सुंदरामावशीने फाटक उघडलं, गाईच्या पाठीवर थाप मारून तिला आत लोटलं आणि बाहेरून कडी घातली. गाय आत हंबरली. वळू दहा पावलांवर थबकला, वळला, आणि तिच्याकडे गेला.

पास्कूने खांब सोडला नाही. "आता तरी नीट माती घाला," तो म्हणाला. 

साडेअकराच्या आत माती पहारीने ठेचून झाली, वासे बसले. मुलं पाणंदीने ओरडत गेली. मावशी फाटकाशी बसून पान जुळवत होती. मी माफी मागितली.

"माफी ऱ्हवांदे," ती म्हणाली. "माजा काम झाला मा? मग लिवा तुमच्या पुस्तकात."

मी लिहिलं.

तीन महिन्यांनी इन्डेन्ट परत आला. त्यावर शेरा होता, 'कुजलेला खांब तपासणीसाठी सादर करावा.' तो केव्हाच भिकाजीच्या चुलीत गेला होता. डॉक्टरांनी उत्तर लिहिलं, 'खांब उपलब्ध नाही, वळू उपलब्ध आहे.'

पुढे नोकरीत अनेक कुंपणं दुरुस्त करून घेतली. लाकूड पास्कूसारख्या माणसाला निवडू दिलं. दुरुस्तीच्या दिवशी आपण कुणाकुणाला बोलावलंय, एवढं मात्र मी आदल्या संध्याकाळी स्वतः वाचून घेत असे.